तलाव माझा, पूर तुमचा?

“जमीन माझी, माती माझी, पैसा माझा. नाल्याला पाळ घालून मी माझं चार एकर भिजवतो, त्यात सरकारच्या पोटात का दुखावं?” खासगी मालकीच्या मातीच्या धरणांनाही सुरक्षेचे नियम लावावेत असं कुणी म्हटलं, की हे उत्तर ठरलेलं. पाठोपाठ आणखी तीन येतात. असली धरणं लहान असतात, फुटली तरी कितीसं नुकसान होणार? आजोबांच्या काळापासून पाळ उभी आहे, आताच तिला काय धाड भरली? आणि सगळ्यात जोरात म्हटलं जाणारं शेवटचं: ज्यांना स्वतःची धरणं सांभाळता येत नाहीत, ते आम्हाला काय शिकवणार?

हे बोलणारा माणूस लुच्चा नसतो. पाणी अडवण्यासाठी त्याने खरोखर खस्ता खाल्लेल्या असतात आणि सरकारी कचेरीच्या दारात ताटकळण्याचा अनुभवही त्याच्या गाठीशी असतो. त्याच्या शेवटच्या मुद्द्यात तर तथ्यही आहे. पण या सगळ्यातून तो जो निष्कर्ष काढतो, की धरण खासगी असेल तर त्याची सुरक्षितता ही मालकाची घरगुती बाब आहे, तो साफ चूक आहे. धरण मालकाचं असतं. फुटल्यावरचा पूर कधीच मालकाच्या बांधावर थांबत नाही.

लहानपणाचा हिशेब आधी करू. एक हेक्टर पसरलेला तलाव घ्या आणि त्यात सरासरी दोन मीटर पाणी धरा. हे झालं २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर, म्हणजे २०,००० टन. वीस टन माल भरलेले हजार ट्रक उताराला एका पाठोपाठ एक सुटावेत, इतकं हे वजन. मालकाला तलाव लहान वाटतो, कारण त्याच्या मनात तुलना असते ती कोयनेशी, उजनीशी. पाळीपासून तीनशे मीटरवर नाल्याच्या काठी राहणाऱ्याला त्या तुलनेचा काडीचा उपयोग नाही. मोठ्या धरणाला दरवाजे असतात, पाण्याची पातळी टिपणारा माणूस असतो, भोंगा असतो, जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारा फोन असतो. लहान धरणाला यातलं काहीच नसतं, आणि वस्ती मात्र खेटून असते. पाणी कमी असेल, पण पळायला मिळणारा वेळ त्याहून कमी असतो.

ज्यांना हे अतिरंजित वाटतं त्यांनी हवाईच्या काउआई बेटावरच्या का लोको धरणाची कथा वाचावी. उसाच्या मळ्यासाठी १८९० मध्ये बांधलेलं हे मातीचं धरण. पुढे साखर कारखानदारी बंद पडली, जमिनी विकल्या गेल्या, आणि १९८७ मध्ये धरणाभोवतालची बरीचशी जमीन एका धनाढ्य मोटारविक्रेत्याने घेतली. राज्याच्या दप्तरी हे धरण कमी धोक्याच्या वर्गात नोंदलेलं होतं आणि राज्याच्या अभियंत्यांनी त्याची पाहणी कधी केलेली नव्हती. म्हणजे आपल्याकडच्या मालकांना हवी असलेली आदर्श स्थिती तिथे होती. मालकाला कुणी त्रास देत नव्हतं.

२००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या बेटावर आठवडेच्या आठवडे पाऊस लागून राहिला. १४ मार्चच्या पहाटे धरण फुटलं. सुमारे ४० कोटी गॅलन, म्हणजे दीडशे कोटी लिटर पाणी दरीतून खाली उतरलं, झाडं, घरं आणि महामार्ग ओलांडून समुद्राला मिळालं. सात माणसं गेली. त्यांच्यापैकी कुणाचाही त्या धरणाच्या पाण्याशी देण्याघेण्याचा संबंध नव्हता. त्यानंतर राज्याने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २००७ च्या जानेवारीत आला. त्यातली कळीची गोष्ट होती सांडव्याची: जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर काढणारी वाट मातीखाली गेलेली होती. धरणाजवळ विनापरवाना माती हलवण्याचं काम झालं होतं, स्थानिक प्रशासनाने १९९७ मध्ये ते थांबवण्याचा आदेशही काढला होता, पण त्याचा पाठपुरावा झाला नाही. २०१३ मध्ये मालकाने न्यायालयात आरोप लढवला नाही. २०१४ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्याला सात महिन्यांची कैद झाली. सात माणसांना सात महिने. हवाईने २००७ मध्ये धरण सुरक्षेचा नवा कायदा केला, तोही नेहमीप्रमाणे सगळं होऊन गेल्यावर.

या कथेत शंभर वर्षं उभं राहिल्याचा दाखला निकालात निघतो. का लोको ११६ वर्षं उभं होतं. मातीच्या धरणाचं वय हा त्याच्या मजबुतीचा पुरावा नसतो. त्या काळात त्याच्यावर जेवढा पाऊस पडला तेवढा त्याने सोसला, एवढंच वय सांगतं. आणि दरम्यान सांडवा बुजला असेल, पाळीवर बाभळी माजल्या असतील, घुशींनी बिळं केली असतील, तर आज उभं असलेलं धरण आजोबांनी बांधलेलं राहिलेलंच नसतं.

इथे कुणीतरी विदर्भातल्या मालगुजारी तलावांचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले हजारो मातीचे तलाव खासगी मालकीचेच होते. कोहळी समाजाने तलाव बांधण्याचं जे कसब कमावलं त्याला तोड नाही. मग म्हणणं असं की तेव्हा कोणता निरीक्षक येत होता? तरी पाळी टिकल्याच ना? एक तर आज आपल्याला दिसतात ते टिकलेले तलाव. जे फुटून शेतात मिळून गेले त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही, त्यामुळे ‘जुने तलाव फुटत नसत’ हे विधान तपासून पाहण्याची सोयच नाही. दुसरं महत्त्वाचं. मालगुजाराचा तलाव आजच्या अर्थाने खासगी कधीच नव्हता. त्या तलावावर धान पिकवणारं अख्खं गाव पाळीच्या खालच्या अंगाला राहत होतं. पाळीवर माती टाकायला, गाळ काढायला तेच गाव येत होतं, आणि पाळीला ओल दिसली तर त्याची बोंब चावडीवर आधी होत होती. पाण्याचे हक्क आणि रिवाज गावच्या दप्तरात नोंदलेले असत. ही पाहणीच होती. फक्त तिला शिक्का नव्हता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गावाची ती नजरही हळूहळू उठली. पुढे त्यांची नावं ‘मामा तलाव’ अशी लाडकी झाली, पाळी मात्र खचत गेल्या. तेव्हा मालगुजारांचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा. खालचं गाव रोज पाहत होतं म्हणून ते तलाव राहिले. आजच्या खासगी तलावाच्या भोवती तारेचं कुंपण असतं आणि आत पाऊल टाकणाऱ्याला ‘कुणाला विचारून आलास?’ असा सवाल होतो.

आता मालकीच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. याबाबतीत इंग्रजी आणि भारतीय कायद्याचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे, आणि दोन्ही खटले तलावांचेच आहेत. लँकेशायरमध्ये एका गिरणीमालकाने आपल्या जमिनीत पाण्याचा साठा केला. १८६० मध्ये तो भरताच पाणी जुन्या बुजवलेल्या खाणींच्या विवरांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत उतरलं. काम मालकाने माहीतगार माणसांकडून करून घेतलं होतं. त्याची स्वतःची हयगय दाखवता येत नव्हती. तरीही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात त्याला जबाबदार धरलं. सुटल्यावर घात करील अशी वस्तू स्वतःच्या फायद्यासाठी जमिनीवर आणून साठवायची, तर ती सुटली की भरपाईही तुम्हीच द्यायची.

पुढे सहा वर्षांनी, १८७४ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलसमोर दक्षिणेतला खटला आला. कार्वेतनगरच्या जमीनदाराचे सिंचनाचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेच्या मार्गाचं नुकसान झालं. रेल्वे कंपनीने रायलँड्सचा निवाडा पुढे केला. न्यायाधीशांनी तो लावला नाही, जमीनदार सुटला. खासगी तलावांचे कैवारी इथवर सांगून थांबतात. पण तो सुटला कशामुळे? हे तलाव प्राचीन आहेत, मुलखाची शेती त्यांच्यावर उभी आहे, आणि ते टिकवणं हे जमीनदाराचं सार्वजनिक कर्तव्य आहे, म्हणून. त्याने हयगय केली असती तर तो सुटला नसता.

म्हणजे मालकाला दोनपैकी एकच भूमिका घेता येते. तलाव निव्वळ माझा, माझ्या नफ्यासाठी, असं म्हणायचं असेल तर लँकेशायरचा न्याय लागू: फुटला की कारण न विचारता भरा. तलाव समाजाच्या उपयोगाचा आहे, मी अन्न पिकवतो, मला सवलत द्या, असं म्हणायचं असेल तर कार्वेतनगरचा न्याय लागू: मग तो नीट राखणं हे सार्वजनिक कर्तव्य, आणि सार्वजनिक कर्तव्याची विचारपूस होणारच. अनुदान मागताना ‘आम्ही जगाचे पोशिंदे’ आणि पाहणीला माणूस आला की ‘ही आमची खासगी मालमत्ता’, हे दोन्ही एका श्वासात चालणार नाही.

‘नुकसान झालं तर भरून देईन’ असंही कुणी म्हणतं. कशातून? चार एकरवाल्याकडे एका घराचीही भरपाई द्यायची ऐपत नसते. आणि मेलेल्या माणसाच्या भरपाईबद्दल न बोललेलं बरं.

मातीचं धरण फुटतं तरी कसं, हे एकदा नीट समजून घेतलं तर निम्मा वाद मिटेल. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून काही काळ पाणी वाहिलं तरी ती तग धरू शकते. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागलं की तिचा मागचा उतार खरवडला जातो, माथ्याला खाच पडते, खाच रुंदावते, आणि मग काही तासांत, कधी काही मिनिटांतच, खेळ संपतो. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण. आणि खासगी तलावात पहिला अत्याचार होतो तो सांडव्यावरच. उन्हाळ्यात दोन आवर्तनं जास्त मिळावीत म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचायची, फळ्या ठोकायच्या, जमलं तर चांगला फूटभर बांधच घालायचा. पाळीचा माथा तेवढाच राहतो, पाणी फूटभर वर येतं, आणि लाटांसाठी, अवचित पुरासाठी सोडलेली मोकळी उंची तेवढीच कमी होते. तलाव मासेमारीला दिलेला असेल तर मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळी लागते; पहिल्या पुराबरोबर आलेला पालापाचोळा, ऊस-तुरीची धसकटं तिच्यात अडकतात, आणि मोकळा दिसणारा सांडवा नेमक्या त्या रात्री बंद होतो.

दुसरी वाट आतली. पाळीतून थोडा पाझर हा असणारच. पायथ्याशी येणारं पाणी स्वच्छ असेल, तेवढंच असेल, तर काळजीचं कारण नाही. ते गढूळ येऊ लागलं तर पाण्याबरोबर पाळीची माती बाहेर येते आहे, आत पोकळी खोदली जाते आहे. पाळीतून आडवा टाकलेला पाइप ही यासाठी सगळ्यात नाजूक जागा, कारण पाइपच्या कडेने माती कधीच मनाजोगी धुमस होत नाही. आपल्याकडे जेसीबीवाल्याने दोन दिवसांत उभी केलेली पाळ अनेकदा पाणी मारून, थर देऊन दाबलेलीच नसते. माती वरून ओतलेली असते. मध्ये काळ्या मातीचा गाभा नाही, तळाशी खडकापर्यंत खोदून भरलेली चर नाही. पहिली दोन वर्षं पाऊस बेताचा होतो, तलाव अर्धाच भरतो, आणि मालक म्हणतो, “बघा, काही झालं का?”

या साऱ्यात इंजिनिअरची जरूर लागते ती बांधताना आणि शंका आल्यावर. सांडवा मोकळा आहे का, पाझर गढूळ आहे का, पाळ कुठे खचली आहे का, हे डोळे असलेल्या कुणालाही दिसतं. मग नियमांची एवढी धास्ती कशाची?

धास्तीचं खरं कारण सरकारच आहे, हे मान्य करायला हवं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते खासगी नव्हतं; वीस वर्षांच्या आतबाहेरचं सरकारी मातीचं धरण. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. वीसहून अधिक माणसं झोपायच्या वेळी वाहून गेली, आणि त्यावर राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोषी ठरवलं. महाराष्ट्र हसला आणि संतापला. मला त्या विधानातला हास्यास्पद भाग वेगळाच वाटतो. खेकडे, घुशी पाळीत बिळं करतात हे खरंच आहे. म्हणूनच तर पाळ पाहायला माणूस नेमलेला असतो! बिळं दिसली नाहीत की दिसूनही बुजवली नाहीत, याचं उत्तर खेकडा देणार नव्हता.

पण तिवऱ्यातून ‘सरकार नालायक, म्हणून आम्हाला मोकळं सोडा’ हा धडा काढणं म्हणजे उलटी गंगा. तिवऱ्यात चूक होती ती तक्रार ऐकून न हलण्याची. खासगी तलावाच्या बाबतीत तर तक्रार कुणाकडे करायची हेच खालच्या माणसाला ठाऊक नसतं. केनियात सोलाई इथे ९ मे २०१८ च्या रात्री एका मोठ्या खासगी शेतमळ्याचं मातीचं धरण मुसळधार पावसात फुटलं. किमान ४७ माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं. धरणाला रीतसर परवाना नव्हता असं नंतर तिथल्या जलखात्यानेच सांगितलं. म्हणजे सरकारी असो वा खासगी, न पाहिलेली पाळ सारखीच फुटते.

आपल्याकडे २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे आणि तो खासगी मालकांनाही लागू आहे. त्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणीची सक्तीही आहे. पण तो सुरू होतो १५ मीटर उंचीच्या वर. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना तो लागतो, पण त्यासाठी माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, प्रचंड पूरविसर्ग, अवघड पाया किंवा वेगळ्या धाटणीचं संकल्पन, यांपैकी काहीतरी असावं लागतं. दहा मीटरच्या खाली हा कायदा बोलतच नाही. चार-पाच गावांच्या डोक्यावर नऊ मीटरची पाळ असली तरी ती या कायद्याला दिसत नाही. देशाच्या कायद्याने मोठ्या धरणांपासून सुरुवात केली, हे समजण्यासारखं आहे. राज्याने पुढचं पाऊल टाकू नये, हे समजण्यासारखं नाही.

बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये १९२५ साली वेल्समधल्या डॉलगॅरॉग गावावर दोन धरणं एकापाठोपाठ फुटून १६ जण मेले, आणि १९३० मध्ये जलाशयांच्या सुरक्षेचा कायदा आला. आजचा १९७५ चा कायदा उंची विचारत नाही. आसपासच्या जमिनीच्या वर किती पाणी तोललं आहे, एवढंच तो विचारतो, आणि २५,००० घनमीटरपासून मालकाला नोंदणी करायला लावतो. वेल्सने ती मर्यादा १०,००० घनमीटरवर आणली. दक्षिण आफ्रिकेत पाच मीटरहून उंच आणि ५०,००० घनमीटरहून जास्त पाणी धरणारं धरण सुरक्षेच्या कक्षेत येतं, मग ते शेतकऱ्याचं का असेना. त्यामुळे तिथली शेती बुडाली नाही.

इथे एक रास्त तक्रार मालकाच्या बाजूने नोंदवतो. कित्येक ठिकाणी धरण आधीचं असतं आणि घरं नंतर येतात. नाल्याचा काठ गावठाणाला जोडला जातो, तिथे घरकुलं मंजूर होतात, दोन वर्षांत अंगणवाडीही उभी राहते. वर पाळ आहे हे परवानगी देणाऱ्याला माहीत असतं. अशा वेळी सगळा भार एकट्या मालकावर टाकणं अन्याय आहे. परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतीने आणि महसूल खात्याने पाळीच्या दुरुस्तीचा वाटा उचलला पाहिजे. पण घरं नंतर आली म्हणून त्यातली माणसं बुडायला मोकळी आहेत, असं कुणी म्हणू नये.

नियम करताना तो उंचीवर करू नये, खाली कोण राहतं यावर करावा. शेतात खड्डा खणून, प्लास्टिकचा कागद अंथरून, पाणी जमिनीच्या पातळीखाली ठेवणाऱ्या शेततळ्याला धरणाचे नियम लावण्याचं कारण नाही. तिथला धोका मुलं बुडण्याचा, आणि त्याला उपाय कुंपण आणि दोर. पण जमिनीच्या वर पाणी तोलणारी पाळ आणि तिच्याखाली घर, शाळा, रस्ता असेल, तर नोंदणी झाली पाहिजे, संकल्पनावर अभियंत्याची सही पाहिजे, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर पाहणी झाली पाहिजे. खालच्या घरांचे फोन नंबर मालकाकडे आणि मालकाचा नंबर खालच्या घरांकडे. अल्पभूधारकाला यातला एक पैसाही पडू नये; जलसंधारणावर राज्य इतका खर्च करतं, त्यात तालुक्याला एक फिरता अभियंता महाग नाही. सांडवा बुजवणाऱ्याला मात्र दंड हवा, मग तो कितीही छोटा शेतकरी असो.

तोवर कायद्याची वाट पाहत बसू नका. तुमची पाळ असेल तर मृगाआधी तिच्यावरून एकदा चालत जा, सांडव्यावरची पोती आणि जाळी काढा, पायथ्याचा पाझर कसा येतो ते पाहा. आणि तुम्ही पाळीच्या खाली राहत असाल, तर गढूळ पाझर दिसल्या दिवशी ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी कळवा, आणि अर्जावर पोच घ्या.